सांधेदुखी आणि ताट : पथ्य कोणाला, कोणते आणि किती?

"वात आहे." आपल्या वस्त्यांमधली कितीतरी दुखणी या दोन शब्दांत संपवली जातात. गुडघा दुखला की वात, कंबर धरली की वात, सकाळी बोटे वळेनात तरी वात. मग शेजारीण सांगते वांगे बंद कर, सासू सांगते आंबट सोड, मेडिकलवाला एक गोळी हातावर ठेवतो आणि पुडीवाला वैद्य मांसमच्छी कायमची बंद करायला सांगतो. चौघांचे ऐकून बाईच्या ताटात शेवटी भात आणि पातळ वरण उरते. दुखणे जिथल्या तिथे.

ज्यांचे गुडघे दुखतात त्या बहुतेक धुणीभांडी करणाऱ्या, झाडूकाम करणाऱ्या, बांधकामावर पाट्या उचलणाऱ्या, ऊसतोडीला जाणाऱ्या बाया आहेत. गुडघा गेला की काम गेले आणि काम गेले की घरातला तिचा शब्दही गेला. म्हणून आहारात बदल करून सांधेदुखी कितपत आटोक्यात येते, हा प्रश्न फक्त आरोग्याच्या पानावरचा राहत नाही. विहारात आरोग्य शिबिर घेणाऱ्या आणि घरी आईला दवाखान्यात नेणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांच्या हाताशी असावी अशी माहिती इथे एकत्र केली आहे. आहाराने फरक पडतो. तो किती पडतो, हे मात्र दुखणे कोणते आहे त्यावर ठरते.

आधी दुखणे ओळखा

चाळिशी-पन्नाशीनंतर गुडघे दुखतात, जिना उतरताना जास्त जाणवते, बसून उठताना कळ येते, सकाळचा ताठरपणा दहा-वीस मिनिटांत निघून जातो. हा बहुधा झिजेचा संधिवात, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत ऑस्टिओआर्थ्रायटिस. इथे वजन आणि मांडीच्या स्नायूंची ताकद या दोन गोष्टी सर्वांत महत्त्वाच्या.

हातापायांची लहान सांधी दोन्ही बाजूंनी सुजतात, सकाळी तासभर किंवा त्याहून जास्त वेळ मुठी वळत नाहीत, अशक्तपणा येतो. हा आमवात, ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये तो दोन-तीन पटींनी जास्त आढळतो. यात शरीराची संरक्षण यंत्रणाच सांध्यांवर उलटते. सूज सहा आठवड्यांहून जास्त टिकली तर रक्ताच्या तपासण्या करून औषध सुरू करण्याला पर्याय नाही, कारण उपचार लांबले की बोटे वाकडी होतात आणि ती नंतर सरळ होत नाहीत. आहार इथे औषधाच्या जोडीला येतो, औषधाच्या जागी नाही.

रात्री झोपेतून उठवणारी, पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी लाल, गरम आणि पांघरुणाचा स्पर्शही सहन न होणारी सूज असेल तर गाऊटचा संशय घ्यावा. हा युरिक ॲसिडचा आजार. मांसाहारावरच्या बंदीची जी एवढी चर्चा होते, तिच्यात थोडेफार तथ्य फक्त या आजारापुरते आहे. त्याकडे पुढे येऊ.

चौथे दुखणे शिबिरांत हमखास निसटते. विदर्भात बौद्ध समाजात आणि गोंड, माडिया, परधान अशा आदिवासी समाजांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. लहान मुलाचे हातपाय सुजणे, शाळकरी मुलाचे हाडे-सांधे दुखून विव्हळणे, विशी-पंचविशीच्या तरुणाचा खुबा दुखून तो लंगडायला लागणे, यामागे सिकलसेल असू शकतो. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते आतून मरते. एवढ्या तरुण वयात "वात" होत नसतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटी चाचणी होते. ती सदोष आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून ती व्यक्ती वाहक आहे की रुग्ण हे कळते. १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली असून २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट ठेवले आहे. या आजाराला कोणी "जातीचा आजार" म्हणाले तर त्याला सांगावे की हा दोष मलेरियाच्या प्रदेशांत टिकून राहिला, कारण वाहकांना घातक मलेरियापासून काही संरक्षण मिळत असे. त्याचा संबंध भूगोलाशी आहे, कोणाच्या रक्ताच्या शुद्धतेशी नाही.

सिकलसेलमध्ये पथ्याचा पहिला पदार्थ पाणी. शरीरातले पाणी कमी झाले, थंडी बाधली, ताप आला किंवा अति श्रम झाले की पेशी कोयत्याच्या आकाराच्या होऊन रक्तवाहिन्यांत अडकतात आणि वेदनांचा झटका येतो. मोर्च्यात, रॅलीत, दीक्षाभूमीच्या गर्दीत अशा मुलाकडे पाण्याची बाटली असलीच पाहिजे. फॉलिक ॲसिडची गोळी, पालेभाज्या, डाळी आणि डॉक्टरांनी दिले असेल तर हायड्रॉक्सीयुरिया नियमित घ्यावे. एक धोका लक्षात ठेवायचा: रक्त कमी दिसले म्हणून तपासणीशिवाय लोहाच्या गोळ्या वर्षानुवर्षे देऊ नयेत. ज्यांना वारंवार रक्त चढवले जाते त्यांच्या शरीरात लोह आधीच साठलेले असते.

याशिवाय चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराईडमुळेही मान, पाठ आणि सांधे आखडतात. तिथे ताट बदलण्याआधी पाणी बदलावे लागते. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर फ्लोराईड असेल तर ते पाणी पिण्यायोग्य नाही. पाण्याची तपासणी मागणे हे ग्रामपंचायतीकडचे काम आहे, वैद्याकडचे नाही.

वजनाचा हिशेब

झिजेच्या संधिवातात आहाराचा सर्वांत खात्रीचा फायदा वजनातून येतो. चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या काही पट भार पडतो. अमेरिकेत वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी मोजून दाखवले की एक किलो वजन कमी झाले तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. दिवसाला हजारो पावले टाकणाऱ्या बाईच्या बाबतीत हा गुणाकार करून पाहा. याच गटाने २०१३ मध्ये ४५४ जणांवर दीड वर्ष केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांनी आहार आणि व्यायाम दोन्ही केले त्यांचे वजन सरासरी दहा किलोंच्या आसपास उतरले आणि वेदनेत मोठा फरक पडला. नुसता व्यायाम किंवा नुसता आहार करणाऱ्यांना त्यांच्याइतका फायदा झाला नाही.

दहा किलो ऐकून कोणाची आई घाबरेल. तिला ऐंशी किलोंचे पंच्याहत्तर करायला सांगा. चार-पाच किलोंतही जिना उतरताना फरक कळतो.

आता वजन कुठून वाढते ते पाहू. आपल्या घरांत तूप-लोणी वाहत नाही. कामाला जाणारी बाई सकाळी चहा-खारी खाऊन निघते, कामाच्या घरी चहा, दुपारी परत चहा, संध्याकाळी चहा. पाच कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे रोजची पन्नास ग्रॅम साखर. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत दिवसाला २५ ते ३० ग्रॅमची मर्यादा सांगितली आहे. चहा सोडायला कोणी सांगत नाही; तो तिचा दिवसातला एकमेव आरामाचा क्षण आहे. पण दोनाचा एक चमचा करता येतो. जिभेला सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. खारी, टोस्ट, बिस्किट, वडापाव आणि पाच-दहा रुपयांची कुरकुरीत पाकिटे ही दुसरी जागा. पोट भरते, ताकद येत नाही.

तेलाचा हिशेब पिशवीवर करावा. चार माणसांच्या घरात महिन्याला तीन लिटर तेल लागत असेल तर प्रत्येकी दिवसाला पंचवीस मिलिलिटर पडते, ते ठीक आहे. पाच लिटर लागत असेल तर भाजीवरचा तवंग कमी करायला वाव आहे.

रात्रीचे जेवण हा खरा अडचणीचा भाग. दिवसभर अर्धपोटी राहिलेली बाई रात्री दहाला, सगळ्यांचे झाल्यावर, उरलेला भात संपवते. "टाकायचा कशाला" म्हणून. उरलेले अन्न पोटात टाकण्याची ही सवय तिला कोणी शिकवली, यावर समाजशास्त्रात बरेच लिहिले गेले आहे. गुडघ्याला ते सगळे सोसावे लागते. तिचे ताट इतरांबरोबर आठला वाढले गेले तर वजनाचा निम्मा प्रश्न सुटतो असे मी म्हणेन. हे अनुभवावरून म्हणते आहे, यासाठी माझ्याकडे आकडेवारी नाही.

संयुत्त निकायाच्या कोसल संयुत्तात राजा पसेनदीची गोष्ट आहे. द्रोणभर तांदळाचा भात खाऊन तो धापा टाकत भगवंतांकडे येतो. भगवंत त्याला कोणता पदार्थ निषिद्ध आहे ते सांगत नाहीत. प्रमाण ओळखून खाण्याविषयी एक गाथा म्हणतात. राजा सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावतो, जेवताना रोज म्हणायला सांगतो आणि त्यासाठी त्याला रोज शंभर कहापण देतो. हळूहळू राजा नाळीभर भातावर येतो आणि अंगाने हलका होतो. आहारतज्ज्ञ आज जे सांगतात ते यात आहे: बंदी नाही, प्रमाण कमी करायचे, तेही हळूहळू, आणि सोबत आठवण करून देणारे माणूस हवे. राजाकडे पगारी सुदस्सन होता. आपल्या आईकडे तो बिनपगारी असायला हरकत नाही.

वजन कमी, पण ताकद नको कमी

इथे एक चूक वारंवार होते. वजन उतरवायचे म्हणून बाई जेवणच सोडते. सोमवार, गुरुवार, एकादशी असे उपवास आपण सोडले असले तरी "रात्री जेवत नाही" हा नवा उपवास घराघरांत आला आहे. त्याने चरबीबरोबर स्नायूही झडतो. मांडीचा पुढचा स्नायू गुडघ्याला धरून ठेवतो. तो गेला की वजन कमी होऊनही गुडघा डगमगतो.

स्नायूला प्रथिने लागतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम, म्हणजे साठ किलोंच्या बाईला पन्नास ग्रॅम. दोन ज्वारीच्या भाकरीत साधारण दहा ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात सहा-सात, एका अंड्यात सहा, मूठभर शेंगदाण्यांत सहा, पन्नास ग्रॅम सोयाबीन वड्यांत पंचवीसच्या आसपास. पातळ वरणात डाळ किती आणि पाणी किती हे प्रत्येक घराला ठाऊक असते. रेशनवर माणशी पाच किलो धान्य मिळते, जानेवारी २०२३ पासून ते मोफतही आहे. पण ते मुख्यतः तांदूळ आणि गहू आहे. डाळ बाजारातून आणावी लागते. २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत मिळालेल्या आनंदाच्या शिध्यात रवा, साखर, पामतेल आणि एक किलो चणाडाळ होती. चारांपैकी सांध्यांच्या कामाची वस्तू एकच. रेशनवर नियमित डाळ आणि ज्वारी मागणे ही संधिवाताच्या रुग्णांचीही मागणी आहे, हे निवेदन लिहिताना विसरू नये.

स्वस्त प्रथिनांत अंडी, सोयाबीन वड्या, शेंगदाणे, भिजवलेले हरभरे आणि मटकी, उडीद-हुलगे आहेत. सुकट, जवळा, बोंबीलही आहेत. सुकी मासळी दोनदा पाण्यातून काढून घ्यावी म्हणजे मीठ उतरते. रक्तदाब असेल किंवा गाऊट असेल तर मात्र ती जपूनच खावी.

मांसाहाराचा प्रश्न

"मांस तामसी, ते बंद केले की सांधे मोकळे होतात" हे वाक्य अनेक पथ्यपत्रकांवर वेगवेगळ्या शब्दांत छापलेले असते. झिजेच्या संधिवातात अंडी, चिकन, मासे बंद करण्याला वैद्यकीय आधार नाही. सात्त्विक-तामसी ही उतरंड प्रयोगशाळेत ठरलेली नाही. कोणाच्या स्वयंपाकघराला चांगले म्हणायचे आणि कोणाच्या नाही, यातून ती आली आहे. शाहू पाटोळे यांनी "अन्न हे अपूर्णब्रह्म" मध्ये मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या अन्नाची नोंद केली आहे. तेल, तूप, दूध यांना त्या स्वयंपाकात फारसा शिरकाव नव्हता आणि मिळेल त्या मांसाचा कण वाया जात नव्हता. त्या अन्नाला आरोग्याच्या पुस्तकांत जागा मिळाली नाही. त्यातच महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही मार्च २०१५ पासून बंदी आली आणि अनेक घरांच्या परवडणाऱ्या प्रथिनांचा एक मार्ग बंद झाला. पोषणाच्या चर्चेत हे कोणी मोजत नाही.

म्हणून रोज मटण खावे असे नाही. लाल मांस आठवड्यात एखाद्या वेळी, मासे-चिकन-अंडी जास्त वेळा, आणि रस्सा तेलाचा तवंग नसलेला, एवढे पुरेसे आहे. स्वतःच्या विचाराने शाकाहारी झालेले धम्मबांधवही आहेत. त्यांनी डाळी, सोयाबीन, दूध-दही आणि ब-१२ जीवनसत्त्वाकडे लक्ष द्यावे. कोणत्या ताटाने धम्म जास्त पाळला जातो हा वाद गुडघेदुखीच्या रुग्णासमोर काढू नये.

आमवातात शाकाहाराने फायदा होतो असे म्हणणारे बहुधा १९९१ च्या नॉर्वेतल्या अभ्यासाचा दाखला देतात. त्यात ५३ रुग्ण होते. आहार गटाला आधी आठवडाभराचा उपवास आणि मग वर्षभर वेगवेगळ्या टप्प्यांचा शाकाहार दिला होता. त्यांना बरे वाटले हे खरे. पण फायदा उपवासाचा, गहू सोडल्याचा, वजन उतरल्याचा की मांस सोडल्याचा, हे त्यावरून ठरत नाही.

गाऊटचे वेगळे आहे. प्युरिन नावाच्या घटकापासून शरीरात युरिक ॲसिड तयार होते. वजडी, कलेजी, भेजा, गुर्दा, सुकी मासळी, तारली, कोळंबी यांत प्युरिन भरपूर असते. गाऊट ठरलेल्या माणसाने वजडी-कलेजी बंद आणि बाकी मांस-मासे कमी करावेत. पण त्याहून आधी दारू, त्यातही बिअर बंद करावी आणि बाटलीबंद गोड शीतपेये बंद करावीत. त्यातल्या साखरेनेही युरिक ॲसिड वाढते. मटण सोडले आणि बिअर चालू ठेवली, असे रुग्ण भरपूर भेटतात. २००४ मध्ये अमेरिकेत ४७ हजारांहून अधिक पुरुषांचा बारा वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला. त्यात मांस आणि मासळीने गाऊटचा धोका वाढलेला दिसला. डाळी, पालक, मशरूम यांसारख्या प्युरिन असलेल्या भाज्यांनी मात्र वाढला नाही आणि दुधा-दह्याने तो कमी झाला. म्हणजे "युरिक ॲसिड आहे, डाळ बंद" हा सल्ला गरिबाच्या ताटातली शेवटची प्रथिनेही काढून घेतो आणि बदल्यात काही देत नाही.

गाऊटबद्दल आणखी दोन गोष्टी. रक्तात युरिक ॲसिड जास्त आले पण सांधा कधी सुजला नाही, तर तो गाऊट नव्हे. आणि गाऊट असेल तर नुसत्या पथ्याने युरिक ॲसिड थोडेच उतरते. वारंवार झटके येणाऱ्याला अ‍ॅलोप्युरिनॉलसारखे औषध नियमित लागते. ते सहाच्या खाली ठेवायचे असते. कडक उपवासाने झटका उसळू शकतो, तोही टाळावा.

सूज कमी करणारे पदार्थ : जेवढे खरे तेवढेच

माशांतल्या ओमेगा-३ मेदाम्लांनी आमवातातली वेदना आणि सकाळचा ताठरपणा काही प्रमाणात कमी होतो. अभ्यासांत दिलेली मात्रा मात्र कॅप्सूलमधून रोज तीन ग्रॅमच्या आसपासची होती. आठवड्यातून दोनदा बांगडा खाऊन ती भरत नाही. तरी बांगडा, तारली हे स्वस्त आणि चांगले मासे आहेत, गाऊट नसेल तर खावेत. जवसातही ओमेगा-३ असते, पण शरीर त्याचे माशातल्या प्रकारात रूपांतर फार थोडे करते. जवसाची चटणी भाकरीबरोबर जरूर खा, तिच्यावर औषधाचा भार टाकू नका.

हळदीचेही तसेच. हळदीतल्या कर्क्युमिनचा अर्क दिलेल्या अभ्यासांत गुडघेदुखीला मध्यम आराम दिसला आहे. पण हळदीच्या पुडीत कर्क्युमिन तीन टक्क्यांच्या आसपास असते आणि ते आतड्यातून फारसे शोषलेही जात नाही. भाजीतली हळद चालू द्या. महागड्या कर्क्युमिन कॅप्सूलनी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, म्हणून त्या मनाने घेऊ नयेत. ग्लुकोसामीनच्या गोळ्यांवर २००६ मध्ये अमेरिकेत मोठी चाचणी झाली. एकूण रुग्णांत त्या लटक्या गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत. महिन्याच्या त्या पैशांत घरात किती अंडी येतील ते मोजावे. पायाच्या सूपबद्दलही विचारले जाते. पोटात गेल्यावर त्याचे इतर प्रथिनांसारखेच तुकडे होतात, ते थेट गुडघ्यात जाऊन बसत नाही. चवीसाठी आणि पोटभरीसाठी प्यावे.

हाडांसाठी नाचणी, तीळ, शेवग्याचा पाला, दूध. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, रोजची गरज हजाराची. अंगभर दुखते, मांड्या भरून येतात, खाली बसून उठता येत नाही असे सांगणाऱ्या बाईला कधी कधी संधिवात नसतोच. ड जीवनसत्त्वाची कमतरता असते. ते अन्नातून फार थोडे मिळते. उन्हात हात-पाय-तोंड उघडे ठेवून बसावे लागते, आणि दहा बाय दहाच्या खोलीत दिवसभर काम करणाऱ्या बाईला ऊन मिळत नाही. तपासणी करून डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घ्यावी.

आंबट, वातूळ वगैरे

दही, लिंबू, चिंच, टोमॅटो, वांगे, बटाटा, हरभरा डाळ. सांधेदुखीच्या बाईला सोडायला लावलेल्या पदार्थांची ही नेहमीची यादी. या पदार्थांनी सर्वांचे सांधे दुखतात असा पुरावा नाही. लिंबू, आवळा, पेरूतले क जीवनसत्त्व तर उपयोगाचे आहे. तरीही कोणाला एखादा पदार्थ खाल्ल्यावर खरोखर त्रास होत असेल, तर त्याची परीक्षा घ्यावी: तो एकच पदार्थ तीन आठवडे बंद, रोजचे दुखणे शून्य ते दहामध्ये वहीत लिहायचे, मग परत सुरू करून पुन्हा लिहायचे. दोनदा तेच दिसले तर सोडा. एकाच वेळी सात पदार्थ बंद केले तर गुन्हेगार सापडत नाही आणि ताट रिकामे होते. ऐकीव गोष्टीवर न विसंबता स्वतः पडताळून पाहण्याची रीत आपल्याला नवी नाही.

पुडी आणि गोळी

आहाराचा विषय असूनही हे सांगणे भाग आहे. आठवडी बाजारात, गाडीवर, कधी पोस्टाने येणाऱ्या "जडीबुटीच्या" पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असल्याचे अनेकदा सापडले आहे. खूण अशी: दोन दिवसांत जादू झाल्यासारखे दुखणे थांबते, भूक वाढते, चेहरा गोल सुजतो, साखर आणि रक्तदाब चढतो. पुढे हाडे ठिसूळ होतात, खुबा निकामी होतो. बरेच महिने पुडी घेतली असेल तर ती एकदम बंद करू नये, शरीर कोसळू शकते. पुडी सोबत घेऊन सरकारी दवाखान्यात जावे. डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्याही रोज उपाशीपोटी घेतल्या तर पोटात व्रण आणि मूत्रपिंडाला इजा होते.

आमवाताच्या रुग्णाला मेथोट्रेक्सेट दिले असेल तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्याने जीव गेल्याची उदाहरणे आहेत. ज्या आईला वाचता येत नाही, तिच्या गोळीच्या डबीवर वाराची खूण मुलाने किंवा मुलीने करून द्यावी. या औषधाबरोबर दारू चालत नाही. विडी-सिगारेटने आमवाताचा धोका वाढतो आणि औषधाचा गुणही कमी येतो.

घरात हे कसे बसवायचे

स्वतंत्र पथ्याचा स्वयंपाक करा असे सांगणारे पत्रक पहिल्याच आठवड्यात चुलीत जाते. कारण तो स्वयंपाक त्याच दुखऱ्या हातांनी करायचा असतो. आमवाताने मनगट सुजलेल्या बाईला भाकरी थापणे, पीठ मळणे, जड कुकर उचलणे हीच शिक्षा आहे. म्हणून बदल सगळ्या घराच्या भांड्यात व्हायला हवा: सर्वांच्या चहात साखर कमी, सर्वांच्या वरणात डाळ जास्त, सर्वांच्या भाजीत तेल कमी. पीठ मुलाने मळावे. शेगडी जमिनीवरून ओट्यावर किंवा टेबलावर घ्यावी, म्हणजे उकिडवे बसणे वाचते. अंडी दोनच असतील तर ती कोणाच्या ताटात पडतात, हेही पाहावे.

परिणाम दिसायला अडीच-तीन महिने लागतात. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचा वर्षावास त्यासाठी सोयीचा कालखंड आहे. विहारात ग्रंथवाचनाला बायका रोज जमतातच. तिथे एक वजनकाटा आणि एक वही ठेवली, आठवड्यातून एकदा वजन आणि दुखण्याचा आकडा लिहिला, वाचनानंतर खुर्चीवर बसून पाय सरळ करून दहा मोजेपर्यंत धरण्याचा व्यायाम दहा-दहा वेळा केला, तर वेगळ्या शिबिराची गरज पडत नाही. समारोपाच्या भोजनदानात बुंदी-पुरीबरोबर उसळ आणि काकडी-टोमॅटो ठेवायला फार खर्च येत नाही. खीर राहू द्या.

वहीच्या पहिल्या पानावर पुढील लक्षणे ठळक लिहून चिकटवावीत, कारण यांत आहाराची वाट पाहत बसायचे नसते. एकच सांधा अचानक गरम, लाल झाला आणि सोबत थंडी-ताप आहे. पडल्यानंतर पायावर भार देता येत नाही. लहान मुलाचा सांधा सुजला आहे किंवा ते अचानक लंगडते आहे. सिकलसेलच्या रुग्णाला वेदनेबरोबर ताप, धाप किंवा छातीत दुखणे सुरू झाले आहे. वजन काही न करता उतरते आहे आणि रात्री दुखण्याने झोप येत नाही. वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्याला काळी शौच होते आहे. अशा वेळी त्याच दिवशी ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालय गाठावे, आणि आधीच्या गोळ्यांची पाकिटे, पुड्या, जुने रिपोर्ट एका पिशवीत घालून सोबत न्यावेत.